लपलेल्या बंदरावर दहा दिवस

व्यापारी घराण्यांत प्रवास पुष्कळ होतो. विश्रांती मात्र क्वचितच घडते. मालखरेदीसाठी सुरत किंवा इचलकरंजी होते, लग्नकार्यांसाठी गावोगावी जाणे होते, यात्रेसाठी कुंथलगिरी, पालिताणा, शिखरजी होते. परदेशी सहल निघाली तरी आठ दिवसांत पाच शहरे पाहण्याचा कार्यक्रम आखलेला असतो, आणि बसमधील मागच्या आसनावर बसून घरातील कर्ता पुरुष उधारीच्या वसुलीचे निरोप पाठवीत असतो. घरी परतल्यावर प्रवासाचा शीण घालवण्यासाठी आणखी दोन दिवस लागतात. आज या स्तंभात अशा प्रवासाचा विचार करू, ज्याचा हेतू पाहणे हा नसून थांबणे हा आहे.

त्याचे निमित्त आता अनेक घरांत सारखेच असते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत स्थिरावलेली, नातवंडे तिकडेच वाढणारी. एखाद्या वर्षी मुलांकडून सूचना येते, "या वेळी आमच्या घरी नको. तुम्ही आलात की आई स्वयंपाकघरात अडकते आणि आम्ही कामावर. त्यापेक्षा मेक्सिकोच्या समुद्रकाठी दहा दिवस सगळे एकत्र राहू." ही सूचना ऐकताच वडीलधाऱ्यांच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. तिकडे खायचे काय? आणि इकडे दुकान कोण पाहणार? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे घरूनच निश्चित करून निघाले, तर पुढची विश्रांती खरोखर पदरात पडते. ती न करता निघाले, तर समुद्राकाठी केवळ जागा बदलते, मन जिथल्या तिथेच राहते.

गावाची निवड

मेक्सिकोला दोन्ही बाजूंनी समुद्र आहे. पूर्वेकडे कॅरिबियन आणि पश्चिम-दक्षिणेकडे प्रशांत महासागर. कॅरिबियन किनाऱ्यावरील कान्कुन सर्वांना ठाऊक असते. हे शहर १९७०च्या दशकात तेथील सरकारने पर्यटनासाठी आखून वसवले. मोठमोठी हॉटेले, अहोरात्र चालणारी भोजनगृहे आणि मद्यगृहे असा त्याचा थाट आहे. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्याच्या महिन्यांत या किनाऱ्यावर सार्गासम नावाचे तपकिरी समुद्रशैवाल मोठ्या प्रमाणात वाहून येते आणि कुजू लागले की त्याची दुर्गंधी पसरते. शांतपणे राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच प्रशांत महासागराच्या बाजूचे एखादे लहान गाव पाहावे. उदाहरणादाखल आपण वाहाका राज्यातील पुएर्तो एस्कोंदिदो हे गाव घेऊ.

या नावाचा अर्थ 'लपलेले बंदर'. डोंगरावरच्या मळ्यांतील कॉफी जहाजांत चढवण्याचे एक धक्क्याचे ठिकाण, एवढीच पूर्वी याची ओळख होती. वाहाकातील प्लुमा इदाल्गो भागातील कॉफी आजही नावाजलेली आहे. या गावाचे अक्षांश जवळजवळ आपल्या वेंगुर्ल्याचेच आहेत. त्यामुळे नारळी, आंबा, पपई, दमट वारा आणि मावळतीचा लाल समुद्र हे सारे कोकण पाहिलेल्या माणसास परके वाटत नाही.

मेक्सिको सिटीहून येथे विमानाने सव्वा तासाच्या आसपास पोहोचता येते. वाहाका शहरातून यायचे असल्यास पूर्वी डोंगरातील वळणावळणांच्या रस्त्याने सहा-सात तास मोडत. फेब्रुवारी २०२४ मध्ये १०४ किलोमीटरचा नवा महामार्ग खुला झाल्यापासून हे अंतर सुमारे तीन तासांवर आले आहे. भारतातून मेक्सिकोला थेट विमान नाही. युरोपातून किंवा अमेरिकेतून जावे लागते. घरून निघाल्यापासून एक पूर्ण दिवसाहून अधिक काळ प्रवासातच जातो. म्हणून मेक्सिको सिटीत जाताना एक-दोन रात्री मुक्काम ठेवावा. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. वयस्कर मंडळींना तेथे पहिल्या दिवशी चालताना धाप लागू शकते; त्या दिवशी काहीही पाहण्याचा बेत आखू नये.

पारपत्राविषयी एक सोय लक्षात ठेवावी. अमेरिकेचा वैध व्हिसा असणाऱ्या भारतीय प्रवाशास मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही; कॅनडा, ब्रिटन, जपान आणि शेंगेन देशांच्या व्हिशालाही ही सवलत आहे. परंतु असे नियम बदलत असतात. तिकिटे काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. विमान अमेरिकेतून बदलायचे असेल, तर तेथे केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा आवश्यक असतो.

काळाची निवड

येथे एक सुखद योगायोग आहे. आपल्याकडे चातुर्मास चालू असतो, त्याच सुमारास तिकडेही पावसाळा असतो. साधारण जून ते ऑक्टोबर. याच काळात प्रशांत महासागरावर चक्रीवादळे उठतात. त्यांचा हंगाम मे महिन्याच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत मानला जातो. ३० मे २०२२ रोजी 'अगाथा' नावाचे वादळ पुएर्तो एस्कोंदिदोच्या पूर्वेस, पुएर्तो आंखेलजवळ किनाऱ्यावर आदळले होते. चातुर्मासात स्थिर राहण्याचा आपला परिपाठ आणि त्या किनाऱ्याचे हवामान यांचा असा मेळ बसतो.

नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह या दोन वेळी मेक्सिकन कुटुंबे स्वतःच समुद्रकाठी लोटतात. तेव्हा भाडी वाढतात आणि शांतता नाहीशी होते. लग्नसराई, वार्षिक विवरणपत्रे आणि मार्चअखेरचा ताळेबंद यांच्या मधोमध जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हे दिवस उरतात. व्यापाऱ्याच्या दृष्टीने आणि त्या समुद्राच्या दृष्टीनेही हाच काळ उत्तम. आकाश निरभ्र असते, पाऊस जवळजवळ नसतोच. हंपबॅक जातीचे देवमासे याच महिन्यांत त्या किनाऱ्याजवळून जातात, आणि उंच कड्यावर बसूनही नशिबाने त्यांचे फवारे दृष्टीस पडतात.

घर कोठे घ्यावे

विश्रांतीसाठी हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे, हे उघडच आहे. पण ते कोठे घ्यावे यावर सारा मुक्काम अवलंबून असतो. सिकातेला नावाचा लांबलचक किनारा या गावाची जगभर कीर्ती करून गेला आहे. फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होणारे तरुण जगभरातून तेथे येतात. तेथील लाटा प्रचंड आणि अंतःप्रवाह धोकादायक असतात. तेथे पोहण्याचा विचारही करू नये; मावळतीला वाळूवर लांबून बसावे, इतकेच. रात्री तेथे व पुढच्या ला पुंता भागात गाणी-बजावणी उशिरापर्यंत चालते.

आजी-आजोबा आणि नातवंडे बरोबर असतील, तर रिंकोनादा ही निवांत वस्ती बरी. तिच्या खालीच कारिसालियो नावाची छोटी अर्धवर्तुळाकार खाडी आहे. तेथील पाणी बहुधा शांत असते. मात्र खाली उतरण्यास दीडशेहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी रोज उतरण्याचा हट्ट धरू नये. वरच्या सावलीतूनही समुद्र दिसतो. किनाऱ्यावर लाल निशाण असेल, तर पाण्यात पाऊल घालू नये. कोकणात पोहता येते, म्हणून प्रशांत महासागरात पोहता येईलच असे नाही.

घर ठरवताना मालकास चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. स्वयंपाकघरात गॅसची शेगडी आहे काय? पिण्याच्या पाण्याचा २० लिटरचा मोठा जार घरपोच येतो काय? नळाचे पाणी तेथे पीत नाहीत. जारचे पाणीही आपल्या पद्धतीने गाळून, उकळून घेता येते. खिडक्यांना डासांची जाळी आहे काय? डेंग्यूचा धोका तेथेही आहे. आणि शेजारी मद्यगृह आहे काय? विजेचा दाब तेथे सुमारे १२७ व्होल्ट असतो, त्यामुळे आपल्याकडची २३० व्होल्टची विजेची उपकरणे नेऊन उपयोग होत नाही. साधा शिटीचा कुकर मात्र अवश्य न्यावा. हा किनारा भूकंपप्रवण असल्याने पोहोचल्याबरोबर बाहेर पडण्याची वाट सर्वांनी पाहून ठेवावी.

खायचे काय?

आपल्या घरातील मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ आणि चिकू ही सारी अमेरिका खंडांतून आलेली, आणि त्यांतील बरीचशी मेक्सिकोच्याच परिसरातील. कांदा, लसूण, बटाटा न खाणाऱ्या घरात रोज जे शिजते, त्याचा मोठा हिस्सा त्या भूमीची देणगी आहे. त्यामुळे बाजारात गेल्यावर आपल्याला उपाशी राहावे लागणार नाही, हा विश्वास असू द्यावा. पुएर्तो एस्कोंदिदोच्या बेनितो हुआरेस मंडईत पपई, अननस, लिंबे, अवाकादो, काकडी, कोवळे भोपळे, चायोते नावाचे दुधीसारखे फळ आणि काटे काढून चिरलेली निवडुंगाची पाने मिळतात. या पानांना नोपाल म्हणतात. त्यांची भाजी थोडी भेंडीसारखी लागते. मंडईत मांस-मासळीचा विभागही असतो, म्हणून फळभाज्यांची बाजू आधी विचारून घ्यावी.

परंतु तयार अन्नाबाबत फार सावध राहावे लागते. उसळीसारख्या शिजवलेल्या काळ्या घेवड्यात बहुधा डुकराची चरबी घातलेली असते. तिला 'मान्तेका' म्हणतात. लोण्याला 'मान्तेकिया' म्हणतात. दोन शब्दांत एवढेच अंतर आहे, आणि पदार्थांत किती! तांबडा भात अनेकदा कोंबडीच्या रश्शात शिजवतात. 'कार्ने नको' असे म्हटले, तर समोरचा माणूस फक्त लाल मांस वगळतो. कोंबडी, मासे आणि अंडी यांचा वेगळा उल्लेख करावा लागतो. समुद्रकाठी पेल्यांत विकल्या जाणाऱ्या कापलेल्या फळांत हिकामा नावाचे पांढरे, कुरकुरीत कंद मिसळलेले असतात. तयार दह्यात आणि गोड पदार्थांत 'ग्रेनेतिना', म्हणजे प्राणिज जिलेटिन, असू शकते. चीज घेताना ते घट्ट करण्यासाठी कोणते विरजण वापरले आहे, हे वेष्टनावर पाहावे. वाहाका प्रांतात एक गोष्ट विशेष जपावी. तेथे टोळ भाजून खातात आणि अळ्या वाळवून, कुटून त्यांचे तांबूस मीठ करतात. हे मीठ संत्र्याच्या फोडींवर भुरभुरवून किंवा पेयाच्या पेल्याच्या कडेला लावून सर्रास देतात. दिसायला ते आपल्या तिखट-मिठासारखेच असते. म्हणून साध्या फळांच्या बशीबाबतही विचारून घ्यावे.

यावर उपाय सोपा आहे. अमेरिकेतील मुलांपैकी कोणाला स्पॅनिश येत असेल, तर एका पुठ्ठ्यावर आपण काय खात नाही हे सुवाच्य अक्षरांत लिहून घ्यावे: मांस, कोंबडी, मासे, अंडी, चरबी, रस्सा, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, मश्रूम. 'सिन' म्हणजे 'शिवाय'. 'सिन सेबोया, सिन आहो, सिन मान्तेका', म्हणजे कांद्याशिवाय, लसणाशिवाय, चरबीशिवाय, एवढे शब्द घरातील प्रत्येकाने पाठ करावेत. तेथील माणसे सामान्यतः अगत्यशील आहेत. अडचण नीट सांगितली, तर स्वयंपाकघरात जाऊन विचारून येतात.

वेळेच्या बाबतीत तर तेथील रीत आपल्याला अनुकूलच आहे. मेक्सिकोत दिवसाचे मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान होते. जानेवारी-फेब्रुवारीत त्या गावी सूर्यास्त साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या सुमारास होतो. दुपारी दोन वाजता भरपेट जेवून संध्याकाळी पाच वाजता थोडे खाल्ले, की चौविहार पाळणाऱ्यांची काहीच ओढाताण होत नाही. युरोपच्या सहलीत रात्री आठ वाजता उघडणाऱ्या भोजनगृहांपुढे ताटकळण्याचा जो अनुभव अनेकांना येतो, तो येथे येत नाही.

गृहिणीची सुटी

आता ज्या गोष्टीविषयी सहसा कोणी बोलत नाही, त्याविषयी बोलू. स्वयंपाकघर असलेले घर घेतले म्हणजे आचार सांभाळला जातो; पण त्या स्वयंपाकघरात उभे कोण राहते? दहा माणसांच्या पोळ्या, दोन भाज्या, वरण-भात, सकाळचा नाश्ता आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण, हे सारे सासूबाई आणि सून यांनीच करायचे असेल, तर त्या दोघींसाठी ती सुटी नव्हे. ओटा बदलला, इतकेच. आचार सांभाळण्याचे श्रेय साऱ्या कुटुंबाने घ्यायचे आणि त्याचे श्रम दोघींनी करायचे, हा न्याय नाही. असे दहा दिवस गेले, तर पुढच्या वेळी त्यांनी प्रवासास नकार दिला तरी नवल वाटू नये.

यावर त्या गावातच एक सुंदर तोड आहे. मेक्सिकोत गल्लोगल्ली तोर्तियेरिया असतात. तेथे मक्याच्या ताज्या, गरम, पातळ भाकऱ्या किलोवर विकतात. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, मग दळून त्या पिठाच्या तोर्तिया भाजतात. मका, चुना आणि पाणी, याखेरीज त्यांत साधारणपणे काहीही नसते. गव्हाच्या तोर्तियांत मात्र चरबी असू शकते, म्हणून मक्याच्याच घ्याव्यात. घरातील पुरुषांपैकी कोणी दुपारी एक वाजता स्वच्छ कापड आणि डबा घेऊन जावे आणि दोन किलो तोर्तिया आणाव्यात. पोळ्या लाटण्याचे काम तेथेच संपले.

बाकीचे जेवण मुद्दाम साधे ठेवावे. सकाळी फळे, दूध आणि खाकरा. दुपारी तोर्तिया, कुकरमध्ये शिजवलेले काळे घेवडे किंवा मसूर, एक परतलेली भाजी, टोमॅटो-मिरची-लिंबाची कोशिंबीर आणि अवाकादो. मसूर आणि छोले तेथील किराणा दुकानांत मिळतात. पाच वाजता मुगाची खिचडी करायची असेल, तर मूग मोठ्या दुकानांत शोधावे लागतील; नाही मिळाले तर मसुरीची करावी. अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्यांनी त्या दिवसांपुरते डाळ-भात आणि घरून नेलेले कोरडे खाणे ठेवावे. कच्चे धान्य, डाळी, बियाणे आणि ताजी फळे सामानात नेऊ नयेत. सीमाशुल्क तपासणीत ती अडवली जातात. कारखान्यात बंद केलेले खाकरे, भाजलेले पदार्थ आणि दळलेले मसाले न्यावेत आणि विचारल्यास स्पष्ट सांगावेत.

कामाची वाटणीही निघण्यापूर्वीच कागदावर लिहावी. भाजी चिरणे, भांडी घासणे, पाणी उकळून गार करणे ही कामे मुलगे, जावई आणि मोठी नातवंडे यांच्यात वाटून द्यावीत. ज्यांना पेढीवर चाळीस माणसांच्या कामाची वाटणी करता येते, त्यांना दहा माणसांच्या जेवणाची वाटणी जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

दुकान कोण पाहणार?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घड्याळातच आहे. मेक्सिकोच्या त्या भागात आता उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे करत नाहीत. ती पद्धत २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे भारताची वेळ त्यांच्यापेक्षा बाराही महिने साडेअकरा तास पुढे असते. आपल्याकडे सकाळी दहाला दुकान उघडते, तेव्हा तेथे आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. रात्री आठला दुकान बंद होते, तेव्हा तेथे सकाळचे साडेआठ. म्हणजे दुकानाचा संपूर्ण दिवस तेथील रात्रीत सामावतो. दुबई किंवा सिंगापूरला गेलेला व्यापारी दिवसभर फोनवर राहू शकतो. मेक्सिकोत तसे करायचे झाल्यास झोप मोडावी लागते.

या अंतराचा लाभ घ्यावा. रोज सकाळी साडेआठ वाजता एकच फोन, अर्ध्या तासाचा. दिवसाची विक्री, आलेली रक्कम, एखादी अडचण, एवढेच बोलावे. नऊ वाजता फोन पेटीत ठेवावा. त्यानंतर भारतातील बाजार झोपलेला असतो. कोणी बोलावणार नाही आणि आपणही कोणाला उठवू नये.

मात्र हे तेव्हाच शक्य होते, जेव्हा निघण्यापूर्वी अधिकार खरोखर सोपवलेले असतात. किती रकमेपर्यंतची खरेदी धाकटे बंधू किंवा मुलगा स्वतःच्या निर्णयाने करू शकतो, कोणत्या ग्राहकास किती उधार द्यायची, कोणता माल अडवून ठेवायचा, हे लिहून द्यावे. बँकेच्या व्यवहारांस लागणारा एकवेळ संकेतांक बहुधा मालकाच्याच भ्रमणध्वनीवर येतो. ती व्यवस्था महिनाभर आधी बँकेत जाऊन बदलून घ्यावी. जीएसटीची कामे ज्याच्याकडे सोपवायची, त्याने ती मालक येथे असतानाच एक महिना करून पाहावीत. अनेक पेढ्यांत पन्नाशीच्या मुलालाही तिजोरीची किल्ली मिळालेली नसते. दहा दिवसांच्या या मुक्कामात ती द्यावीच लागते. मुलाने त्या दहा दिवसांत एक-दोन निर्णय आपल्याहून वेगळे घेतले, तर साडेआठच्या फोनवर त्याची उलटतपासणी करू नये. त्यात थोडे नुकसान झाले, तरी ते त्याच्या शिक्षणाच्या खात्यात लिहावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी अस्वस्थता येते, हे आधीच गृहीत धरावे. काही करायचे राहून गेले आहे असे वाटते, हात फोनकडे जातो. त्या वेळी नवी सहल आखू नये. सकाळचे सामायिक, समुद्रकाठी फिरणे, नातवंडांना पाढे किंवा मराठी अक्षरे शिकवणे, दुपारची झोप, यांतच तो दिवस जाऊ द्यावा. मन पाचव्या-सहाव्या दिवशी स्थिरावू लागते. दहा दिवस म्हणूनच हवेत. पाच दिवसांत परतणाऱ्यास केवळ अस्वस्थताच पदरी येते.

पाहायचे असेल तर

दहा दिवसांत दोनच सहली पुरेत. गावाच्या पश्चिमेस मानिआल्तेपेक नावाचे खाजण आहे. खारफुटीच्या सावलीतून सकाळी नौकेने गेले, की बगळे, पाणकावळे, पाणकोळी दिसतात. अमावास्येच्या सुमारास रात्री तेथील पाणी निळसर उजळते आणि ते पाहण्यास लोक गर्दी करतात. हा उजेड पाण्यातील सूक्ष्म जीवांचा असतो. पाणी ढवळले की ते प्रकाशतात. त्यासाठी पाण्यात उतरावे काय, हे ज्याने त्याने आपल्या विवेकाने ठरवावे.

दुसरी सहल पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरवरील मासुंते गावाची. मासुंतेच्या पुढे पूर्वेस सिपोलिते नावाचा किनारा आहे. तेथे विवस्त्र वावरण्याची मोकळीक आहे, हे कुटुंबाने आधीच जाणून वाट ठरवावी. मासुंतेची हकिकत मात्र प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. मासुंते आणि शेजारचे सान आगुस्तिनियो ही गावे अनेक वर्षे समुद्रकासवांच्या कत्तलीवर जगत होती. मांस, कातडे आणि तेल यांसाठी असंख्य कासवे तेथे मारली जात. १९९० मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी कासवे पकडण्यावर संपूर्ण बंदी घातली. एका आदेशासरशी गावांचा धंदा बुडाला. पुढे त्याच मासुंतेत कासवांच्या संशोधनाचे आणि संवर्धनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, आणि वनस्पतिजन्य तेले व साबण बनवणारी एक सहकारी संस्था काढली. जवळच्या एस्कोबिया किनाऱ्यावर आता ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हजारोंच्या झुंडींनी अंडी घालण्यास येतात. याच जातीची कासवे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या वाळूतही अंडी घालतात, आणि तेथील गावकऱ्यांनीही त्यांच्या रक्षणासाठी आपली घरे पाहुण्यांना उघडली आहेत.

हिंसेवर चाललेला व्यवसाय सोडला तर पोट कसे भरेल, असा प्रश्न आपल्या समाजानेही वेळोवेळी स्वतःला विचारला आहे. मासुंतेचे उत्तर सोपे नव्हते. कित्येक कुटुंबांनी ओढाताणीची वर्षे काढली. परंतु आज तेथील मुले कासवे जिवंत ठेवून पोट भरतात. पुएर्तो एस्कोंदिदोच्या बाकोचो किनाऱ्यावर संध्याकाळी कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात. पिलास हाताने स्पर्श न करता ते लहान वाटीत घेऊन वाळूवर ठेवायचे आणि मग बाजूला होऊन पाहत राहायचे. नातवाला आजीने असे एक पिल्लू सोडताना पाहिले, तर त्याला जीवदयेचा पाठ वेगळा द्यावा लागणार नाही.

आरंभ केव्हा करावा?

जानेवारीत जायचे असेल, तर तयारीचा आरंभ मागील वर्षाच्या श्रावणातच करावा. पारपत्रांची मुदत पाहावी, व्हिसा व विमा पूर्ण करावा, घर निश्चित करावे. वयस्करांची औषधे चिठ्ठीसह पुरेशी घ्यावीत. लहान गावात रुग्णालयाच्या सोयी मर्यादित असतात. बाजारात रोख पेसो लागतात, त्यांची सोय विमानतळावर किंवा बँकेच्या यंत्रातून करावी. आणि दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी, नव्या वहीचे पहिले पान लिहून झाल्यावर, पेढीवरील सर्वांसमोर जाहीर करावे की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत निर्णय कोणाचे चालतील.

ज्याचे नाव जाहीर होईल, त्याला त्या दिवसापासूनच किल्ली हाताळू द्यावी. म्हणजे जानेवारीत विमानात बसताना ती खिशात चाचपून पाहण्याची वेळ येणार नाही.

जय जिनेंद्र.